वार्धक्यातील मन : एका समजुतीचा इतिहास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्यापैकी कोणी ऐकली नाही असे होणार नाही. पारावर, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात, कोणी वडीलधारे माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागले की मागून कोणी तरी हळूच ही म्हण टाकतो, आणि सगळे हसतात. ते म्हातारे माणूसही हसते. बिचारे करील काय? आज आपल्यापुढे या म्हणीची थोडी उलटतपासणी घ्यावी असा माझा विचार आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नाही. परंतु म्हातारपणी मनाचे आणि मेंदूचे काय होते याविषयी माणसाने कोणत्या काळी काय मानले, कुठे तो चुकला आणि ती चूक कशी दुरुस्त झाली, हा इतिहासाचाच विषय आहे. आणि ज्या घरात एक तरी म्हातारे माणूस आहे अशा प्रत्येक घराच्या तो उपयोगी पडणारा आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी घरची एक गोष्ट सांगतो. माझे आजोबा नीरेच्या काठच्या एका खेड्यात राहत. बैलांची पारख करणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचा लौकिक होता. कोणाला गोऱ्हा विकत घ्यावयाचा असला की तो आजोबांना बरोबर घेऊन बाजाराला जाई. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे काही तरी बिघडत चालले. प्रथम माणसांची नावे विसरू लागले. मग जेवल्याचे विसरू लागले. आणि एके दिवशी पहाटे काठी घेऊन घराबाहेर पडले, ते ओढ्याजवळ सापडले. कुठे निघाला होता म्हणून विचारले, तर म्हणाले, “मोऱ्या-चांद्याला पाणी दाखवायचं राहिलंय.” मोऱ्या आणि चांद्या हे बैल त्याच्या कितीतरी वर्षे आधी विकले गेले होते. गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता.

गाव म्हणाले, म्हातारचळ लागला. कोणी म्हणाले, बाहेरचे काही तरी असेल. माझ्या वडिलांना राग येई. ते दर वेळी ओरडून सांगत, “बैल विकले, दादा, विकले!” आणि आजोबा दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे थिजून जात. मी तेव्हा सातवीत होतो. १९९२ चे साल असावे. मी काय करीत असे ते सांगावयास लाज वाटते, तरी सांगतो. मित्र घरी आले की मी ओट्यावरून हाक देई, “आजोबा, बैल सुटले!” ते धडपडत उठत आणि गोठ्याकडे धावत. आम्ही हसत असू.

एकटी माझी थोरली चुलती वेगळी वागे. चौथी शिकलेली बाई. ती म्हणे, “दाखवलं पाणी, मामंजी. वैरणही टाकली. तुम्ही आता चहा घ्या.” आजोबा “बरं केलंस” म्हणत आणि बसत. तिला हे कोणी शिकवले नव्हते. ती बरोबर होती आणि आम्ही सारे चुकत होतो, हे मला कळावयास पुढची पंचवीस वर्षे लागली. ते ज्या इतिहासातून कळले, तोच आता थोडक्यात सांगतो.

म्हातारपणी बुद्धी जातेच काय, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी रोममधील ख्यातनाम वक्ता सिसेरो याने वार्धक्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याची स्वतःची साठी तेव्हा उलटलेली होती. या पुस्तकात त्याने ८४ वर्षांच्या केटो नावाच्या रोमन पुढाऱ्याला बोलते केले आहे. म्हातारपणावर लोक चार आरोप ठेवतात, असे केटो सांगतो : ते काम काढून घेते, अंगातील बळ नेते, सुखे हिरावते आणि मरण जवळ आणते. एकेका आरोपाला तो उत्तर देतो. स्मरणशक्तीचा मुद्दा निघतो तेव्हा तर तो चक्क चिमटा काढतो. धन कुठे पुरून ठेवले ते विसरलेला म्हातारा कोणी पाहिला आहे काय, असे तो विचारतो. कोणाकडे किती येणे आहे, कोर्टाची तारीख कोणती, हे म्हाताऱ्यांना पक्के ठाऊक असते. ज्यात जीव गुंतलेला असतो ते माणूस विसरत नाही, आणि वापरात नसलेली बुद्धी मात्र गंजते, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे.

त्याच पुस्तकात अथेन्सचा थोर नाटककार सोफोक्लीस याची कथा येते. बाप नाटकांच्या नादात घरच्या मालमत्तेकडे पाहत नाही, त्याची बुद्धी चळली आहे, तेव्हा कारभार काढून घ्यावा, अशी तक्रार घेऊन त्याचे मुलगे न्यायालयात गेले. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. हातातले नवे नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवले आणि विचारले, हे बुद्धी गेलेल्या माणसाचे काम वाटते काय? त्याला सोडून देण्यात आले. कथा बहुधा सजवलेली असेल. तथापि सातबाऱ्याच्या उताऱ्यापायी बापाला ‘भ्रमिष्ट’ ठरवण्याची तऱ्हा अडीच हजार वर्षांची जुनी आहे, एवढे तरी तिच्यावरून दिसते.

आपल्याकडेही या प्रश्नाचा विचार झाला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांची वर्गवारी करताना भूक, तहान, झोप, जरा आणि मृत्यू यांना ‘स्वभावबलप्रवृत्त’ म्हटले आहे. म्हणजे देहाच्या स्वभावानेच येणाऱ्या या गोष्टी. पण संहिताकार तेवढ्यावर थांबत नाही. त्यांतही तो दोन प्रकार करतो : काळाने आलेले आणि अकाळी आलेले. नीट काळजी घेऊनही जे येते ते काळाचे. हेळसांडीमुळे येते ते अकाळीचे. पहा, किती महत्त्वाची रेघ आहे ही! म्हातारपण वेगळे आणि म्हातारपणात शिरलेला बिघाड वेगळा, हे येथे सुचवलेले आहे. परंतु अशी वचने पोथ्यांत राहिली आणि लोकांच्या तोंडी म्हण राहिली.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. १८३८ मध्ये पॅरिसचा मनोरोगतज्ज्ञ एस्किरोल याने आपल्या ग्रंथात एक साधा दाखला दिला. जन्मतः मंदबुद्धी असलेला माणूस हा पहिल्यापासूनच गरीब होता. स्मृतिभ्रंश झालेला माणूस हा एके काळचा श्रीमंत, जो आता कफल्लक झाला आहे, अशा अर्थाचा तो दाखला. या माणसाने काही तरी गमावले आहे, हे त्याने ओळखले. पण कशामुळे गमावले? त्याचे उत्तर मिळावयास आणखी साठसत्तर वर्षे जावी लागली.

ते उत्तर जर्मनीत सापडू लागले. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात एका ५१ वर्षांच्या बाईला दाखल करण्यात आले. तिचे नाव ऑगस्टे डेटर. नवरा रेल्वेत कारकून. बाई संसारी, टापटिपीची. पण अलीकडे विसरू लागली होती, नवऱ्यावर संशय घेऊ लागली होती, वस्तू लपवून ठेवी, चादरी ओढीत घरभर फिरे, रात्री ओरडे. तिला तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव अलॉइस अल्झायमर. त्याने तिच्यासमोर बसून प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तर लिहून ठेवले. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? थोडा विचार करून, बहुधा ऑगस्टे. जेवताना तिच्या पानात फुलकोबी आणि मांस होते. काय खाता असे विचारले, तर म्हणाली, पालक. मध्येच ती म्हणाली, मी मलाच हरवून बसले आहे.

श्रोतेहो, या साध्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. ज्या माणसाला आपण ‘त्याला काही कळत नाही’ म्हणतो, त्याला आपले काय चालले आहे हे निदान काही काळ तरी कळत असते. आजोबा गोठ्याच्या दारात ट्रॅक्टरकडे पाहत उभे राहत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असे त्याला आम्ही वेड म्हणत होतो. आज वाटते, ती भीती होती.

ऑगस्टे १९०६ च्या एप्रिलात वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. त्याने तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, चांदीच्या क्षारांनी ते रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याला दोन गोष्टी दिसल्या. मज्जापेशींच्या मधल्या जागेत जागोजाग साचलेले डाग, आणि खुद्द पेशींच्या आत सुताच्या लडीचा व्हावा तसा धाग्यांचा गुंता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथील डॉक्टरांच्या सभेत त्याने हे मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० मध्ये त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

म्हातारचळ म्हणून, करणी म्हणून, मागल्या जन्मीचे पाप म्हणून लोक ज्याकडे बोट दाखवीत, ते डोळ्यांनी दिसले होते. एका अवयवाला झालेला एक रोग होता तो. जसे मोतीबिंदू डोळ्याला, तसे हे मेंदूला.

परंतु इतिहासात एक चूक सुधारते तेव्हा बहुधा दुसरी जन्माला येते. ऑगस्टेचे वय दाखल झाली तेव्हा ५१ होते. त्यामुळे हा रोग पन्नाशीतल्या, फार तर साठीच्या आसपासच्या माणसांचा, असे ठरून गेले. त्यातही तो विरळा. आणि सत्तरी-ऐंशीची माणसे विसरू लागली तर? ते म्हातारपणच! त्यात रोग कसला? वास्तविक प्रागमधील ऑस्कर फिशर याने १९०७ मध्येच स्मृतिभ्रंश झालेल्या १६ वृद्धांचे मेंदू तपासून त्यांपैकी १२ जणांत तसेच डाग दाखवून दिले होते. पण त्याच्या कामाकडे दुर्लक्ष झाले. पुढे हा ज्यू शास्त्रज्ञ १९४२ मध्ये नाझींच्या छळछावणीत मरण पावला. पुढची साठ वर्षे वयाचे हे कुंपण तसेच राहिले. पन्नाशीतला रोगी तो रोगी, आणि ऐंशीतला रोगी तो नुसता म्हातारा! आपली म्हण शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या पुस्तकातही शिरून बसली, असेच म्हणावयाचे.

हे कुंपण इंग्लंडमधील न्यूकासल येथे मोडले. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी काही वृद्धांची हयातीतच स्मृती तपासली होती, आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. १९६८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांची स्मृती अधिक बिघडलेली, त्यांच्या मेंदूत डाग साधारणपणे अधिक. म्हणजे ऐंशीतल्या म्हाताऱ्यालाही बहुधा तोच रोग होता, जो ऑगस्टेला झाला होता. १९७६ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्ट लिहिले की हे दोन रोग नव्हेत, एकच आहे. आणि तो विरळा तर नाहीच, मोठ्या प्रमाणावर माणसे मारणारा आहे.

मग आता तुम्ही विचाराल, रोग आहे हे कळले; पण ज्यांना रोग नाही त्यांचे काय? त्यांची बुद्धी साठीला नाठी होते की नाही? या प्रश्नाचा इतिहास शिक्षक बंधुभगिनींनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा असा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुद्धीच्या परीक्षा निघाल्या. विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांना एकच प्रश्नपत्रिका दिली की म्हातारे हटकून मागे पडत. झाले, म्हण सिद्ध झाली! पण थांबा. सत्तरीतला माणूस दुसरीतून शाळा सोडून गुरांमागे गेलेला, आणि विशीतला कॉलेजात बसलेला. अशी तुलना वयाची झाली की शाळेची? १९५६ मध्ये अमेरिकेत सिॲटल येथे वॉर्नर शाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वेगळा मार्ग धरला. सुमारे ५०० माणसांची परीक्षा घेतली, आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे तो परत गेला. हे काम कित्येक दशके चालले. माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्या स्वतःशीच केल्यावर चित्र पालटले. कामाचा वेग लवकर कमी होऊ लागतो, हे खरे. पण शब्दसंपत्ती, अर्थ लावण्याची शक्ती, तारतम्य या गोष्टी साठीपर्यंत बहुतेकांच्या टिकतात, काहींच्या वाढतात. ठळक घट सत्तरीनंतर दिसते, आणि तीही सर्वांना सारखी नाही. ऐंशीच्या एका माणसात आणि ऐंशीच्याच दुसऱ्यात जेवढे अंतर पडते, तेवढे तरुणांत आढळत नाही.

वाढत्या वयात चपळाई कमी होते आणि साठा वाढतो, असे थोडक्यात म्हणता येईल. नाव पटकन आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवते, हे म्हातारपण. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही; हेही म्हातारपणच, आणि ते चाळिशीतही होते, माझेच पहा. पण चष्मा कशासाठी असतो हेच आठवेनासे झाले, रोजच्या वाटेवर वाट चुकू लागली, हिशेबाच्या माणसाला सुटे पैसे मोजता येईनात, तर ते म्हातारपण नव्हे. तेथे डॉक्टर गाठावा.

आजोबांना जेवण का आठवत नसे आणि बैल का आठवत, याचेही कोडे आता उलगडले आहे. मेंदूत, कानांच्या अंगाला आत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. नव्या आठवणी प्रथम तेथे टिपल्या जातात. जुन्या आठवणी पुढे मेंदूच्या इतर भागांत पसरून मुरतात. दुकानदाराची भाषा बोलायची तर हा भाग म्हणजे रोजकीर्द, आणि बाकीचा मेंदू म्हणजे खतावणी. अल्झायमरचा रोग बहुधा प्रथम रोजकीर्दीला लागतो. आज काय झाले त्याची नोंदच होत नाही. पण खतावणीत चाळीस वर्षांपूर्वीचे खाते शाबूत असते. हाताच्या सवयी तर आणखी निराळ्या ठिकाणी असतात आणि पुष्कळ दिवस टिकतात. आजोबा स्वतःच्या मुलाला ओळखेनासे झाल्यावरची गोष्ट आहे. शेजाऱ्याने एक गोऱ्हा दारात आणून बांधला. आजोबा उठले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, “चार दाती आहे. पण डावा पाय टाकताना अंग चोरतो, घेऊ नको.” शेजाऱ्याने गोऱ्हा परत केला.

येथवर मेंदूची गोष्ट झाली. पण मेंदू म्हणजेच सारे मन नव्हे, हेही याच इतिहासात पुढे आले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टर डेव्हिड रॉथशिल्ड यांच्या ध्यानात आले की मेंदूतील बिघाड आणि माणसाचे वागणे यांचा हिशेब नेमका जुळत नाही. कोणाच्या मेंदूत बिघाड मोठा, पण माणूस बराच शाबूत. कोणाच्यात थोडा, पण माणूस पार कोलमडलेला. माणसाचा स्वभाव, त्याच्यावर आलेले प्रसंग, भोवतालची माणसे यांचाही त्यात वाटा असला पाहिजे, असे त्यांनी म्हटले. पुढे १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. ७५ वर्षांवरील ६७८ जोगिणींनी त्यात भाग घेतला. त्यांतील पुष्कळ जणींनी आयुष्यभर शाळेत शिकवले होते. त्यांपैकी एक १०१ व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत परीक्षेत त्यांचे गुण उत्तम. मृत्यूनंतर मेंदू पाहिला, तर तो डागांनी आणि गुंत्यांनी भरलेला! शिक्षण, वाचन, काम, माणसांची सोबत यांनी मेंदूत काही शिल्लक साठत असावी आणि बिघाड आला तरी माणूस त्या शिल्लकीवर पुष्कळ काळ तग धरीत असावा, असे शास्त्रज्ञ आज मानतात.

याच काळातले आणखी एक नाव सांगितलेच पाहिजे. डॉक्टर रॉबर्ट बटलर. आजीआजोबांच्या घरी वाढलेला हा माणूस. म्हातारी माणसे सारखी जुन्या गोष्टी सांगत बसतात, हे त्या काळी बुद्धी ढासळल्याचे लक्षण समजत. १९६३ मध्ये बटलर यांनी लिहिले की तसे नव्हे. आयुष्याच्या अखेरीस माणूस आपल्या जन्माचा जमाखर्च मांडून पाहत असतो. काय साधले, काय चुकले, कोणाशी नीट वागलो नाही. हे मनाचे स्वाभाविक काम आहे, आणि ते ऐकून घेणारे कोणी भेटले तर त्याला शांती लाभते. याच बटलर यांनी १९६९ मध्ये वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला इंग्रजीत एक नवा शब्द दिला. जातीवरून कमी लेखणे, वर्णावरून कमी लेखणे, तसेच वयावरून. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्या वृत्तीचीच आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत साठीवरील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की साठीवरील शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. यामागे एक मोठे कारण शाळेचे आहे. ज्या पिढीतल्या मुलींना पाटी मिळाली नाही, त्या आज आज्या आहेत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांभाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली : लहानपणी कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, दिसेनासे होणे, रक्तदाब, मधुमेह, विडी-सिगारेट, दारू, डोक्याला मार, बैठे जगणे, एकटेपणा, मनाची उदासी इत्यादी. ही सारी टाळता आली, तर जगातील जवळजवळ निम्मे, नेमके म्हणजे ४५ टक्के, स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा गुरुजी, चौथीनंतर शाळा सोडणारी मुलगी तुम्ही वर्गात टिकवलीत, तर तिच्या सत्तरीची तजवीज तुम्ही आजच केलीत, असे समजा.

या यादीत एकटेपणाचे नाव आहे, इकडे लक्ष द्या. ‘आजी भ्रमिष्ट झाली, विचारावं एक तर सांगते भलतंच,’ असे पुष्कळ घरी ऐकू येते. आजीच्या कानांची परीक्षा केली आहे काय? ऐकू न आल्यामुळे भलते उत्तर देणाऱ्या माणसाशी हळूहळू कोणी बोलत नाही. आणि कोणी बोलत नाही म्हणून त्या मनाला खरोखरीच गंज चढतो. दुसरी एक गोष्ट. काल धड असलेले म्हातारे माणूस आज एकाएकी बरळू लागले, तर ‘वात झाला’ म्हणून गप्प बसू नये. लघवीचा दाह, ताप, अंगातील पाणी कमी होणे, एखादे औषध न मानवणे, यांपैकी काही तरी असण्याचा संभव मोठा. त्यावर लगेच उपचार केले, तर पुष्कळ माणसे पूर्ववत होतात. मनाची उदासी आणि जीवनसत्त्वांची उणीव यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यांवरही इलाज आहे.

खुद्द अल्झायमरच्या रोगाला मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. २०२३ पासून अमेरिकेत मान्य झालेली काही औषधे त्याची गती थोडीशी मंदावतात, एवढेच. म्हणून या रोगात औषधाची पुष्कळशी जागा आपल्या वागण्यानेच भरून काढावी लागते. आज या रोगातले जाणकार सांगतात की रोग्याशी वाद घालू नये, त्याला खोटे पाडू नये, परीक्षा घेतल्यासारखे ‘सांगा पाहू मी कोण?’ असे विचारू नये. त्याच्या शब्दांमागची काळजी ओळखावी आणि ती शांत करावी. म्हणजे काय? म्हणजे माझी चुलती म्हणत होती तेच. आजोबांना बैल परत नको होते. मुकी जनावरे तहानलेली राहिली, ही त्यांची काळजी होती. साऱ्या घरात ती फक्त तिने ऐकली.

पण तिचे नुसते गुणगान करून थांबणे बरे नव्हे. चार वर्षे ती रात्री नीट झोपली नाही. आजोबा उठले की ती उठे. दाराला कडी लावावी तर ते दार बडवत. न लावावी तर ओढा जवळ. तिचे कौतुक करणारे पुष्कळ होते. तिच्याऐवजी एक रात्र जागणारे कोणी निघाले नाही. आईबापांना पोटगी मिळावी म्हणून २००७ मध्ये कायदा झाला, ते योग्यच झाले. पण रात्रीचे जागरण कायद्याने वाटून देता येत नाही. ते घरातील माणसांनीच वाटून घ्यावयाचे आहे, आणि त्यात पुरुषांनीही आपली पाळी लावून घेतली पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती करून पुरे करतो. सुट्टीत मुलांना घरचा अभ्यास देताना एखाद्या वर्षी असे सांगून पहा : घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क माणसाजवळ रोज अर्धा तास बसा, आणि त्याने सांगितलेले वहीत लिहून आणा. दुष्काळ, जत्रा, पहिली एस.टी., विहीर कशी खणली, काहीही. मुलाला इतिहास मिळेल. त्या माणसाला ऐकणारे कान मिळतील. आणि ‘बैल सुटले’ म्हणून हाक देऊन हसणारा एखादा मुलगा तुमच्या वर्गात असला, तर तो गप्प होईल.

मला असा अभ्यास कोणी दिला नाही, आणि माझ्या मनातही आले नाही. मोऱ्या-चांद्याची जोडी खरसुंडीच्या बाजारातून आणली होती, एवढे मला चुलतीकडून कळले. किती रुपयांना घेतली, तिथून गावापर्यंत चालत आणायला किती दिवस लागले, वाटेत मुक्काम कुठे पडले, हे आजोबांना शेवटपर्यंत आठवत असणार. मी विचारले नाही.